श्वानमांसाची बंदी आणि सहीचा अधिकार

नागालँडमधल्या श्वानमांसाचा विषय निघाला की चर्चा हटकून संस्कृतीवर जाते. नागा समाजात हे मांस पूर्वीपासून खाल्लं जातं, याच्या नोंदी १९२१ आणि १९२६ साली छापलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या ग्रंथांत आहेत. त्यावर वाद नाही. पण घरच्या चुलीवर कधीमधी शिजणारं मांस वेगळं आणि परराज्यातून गाड्या भरून येणारा माल वेगळा. गेल्या दहा-बारा वर्षांतला झगडा या दुसऱ्या गोष्टीचा आहे. २०२० मध्ये राज्य सरकारने घातलेली बंदी न्यायालयात टिकली नाही, आणि हा माल रोखायचा कोणी, हे आजही नीट ठरलेलं नाही.

माल मुख्यतः आसाममधून येतो. प्राणिहक्क संघटनांच्या अंदाजाप्रमाणे वर्षाला सुमारे ३०,००० कुत्री. ती गोणीत कोंबलेली असतात. फक्त डोकं बाहेर आणि तोंड सुतळीने करकचून बांधलेलं. प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांनुसार कुत्रा एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायचा तर पशुवैद्याचा दाखला लागतो. म्हणजे दाखल्याविना गोणी राज्याच्या हद्दीवर येते तेव्हाच कायदा मोडलेला असतो. तिथला पोलीस ती उघडून पाहू शकतो. त्यासाठी मुख्य सचिवांचा आदेश लागत नाही, मंत्रिमंडळाचा ठराव तर नाहीच.

अन्नाच्या बाजूनेही तेच. २०११ च्या अन्न मानकांच्या विनियमांत मांसासाठी कोणते प्राणी चालतात ते सांगितलं आहे: मेंढी, शेळी, डुक्कर, गाय-म्हैसवर्गीय जनावरं, कोंबड्या, मासे. कुत्रा त्यात नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये अन्न सुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाने यादीबाहेरच्या प्राण्यांची कत्तल चालणार नाही, असं परिपत्रकही काढलं. तरीही कोहिमात श्वानमांस विकणाऱ्यांकडे नगर परिषदेचे परवाने होते. एका हाताने परवाना द्यायचा आणि दुसऱ्या हाताने परिपत्रक फायलीत लावायचं, असा हा कारभार.

यात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. नागालँडमध्ये नागरी संस्थांची निवडणूक २००४ मध्ये झाली, ती थेट २०२४ पर्यंत पुन्हा झालीच नाही. महिलांच्या ३३ टक्के आरक्षणावरून २०१७ मध्ये आंदोलन पेटलं, दिमापूरमध्ये दोन जण मारले गेले, कोहिमात नगर परिषदेची इमारत जाळली गेली. त्यामुळे २०२० साली बाजार ज्यांच्या अखत्यारीत होते त्या परिषदांत लोकांनी निवडून दिलेलं कोणी नव्हतं. कारभार प्रशासकांच्या हाती, आणि प्रशासकाला स्थानिकांचा रोष ओढवून घेण्यात काय रस असणार?

मग २०२० उजाडलं. मार्चमध्ये शेजारच्या मिझोरामने कत्तलीच्या कायद्यात दुरुस्ती करून कत्तलयोग्य प्राण्यांच्या यादीतून कुत्रा काढून टाकला. विधानसभेतून, रीतसर. नागालँडमध्ये मात्र घाई झाली. दिमापूरच्या बाजारातल्या गोणीबंद कुत्र्यांचं छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरलं, देशभरातून निषेधाचा पाऊस पडला आणि जुलैच्या सुरुवातीला मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. ४ जुलैचा आदेश मुख्य सचिवांच्या सहीने निघाला: कुत्र्यांची व्यापारी आयात, कुत्र्यांचे बाजार आणि शिजवलेल्या वा कच्च्या श्वानमांसाची विक्री, सगळं बंद.

आदेश फसला तो या सहीपाशी. कोहिमातल्या परवानाधारक विक्रेत्यांनी गुवाहाटी उच्च न्यायालयात धाव घेतली. सरकारने वेळेत उत्तरच दाखल केलं नाही आणि नोव्हेंबर २०२० मध्ये स्थगिती मिळाली. जून २०२३ मध्ये त्याच न्यायालयाच्या कोहिमा खंडपीठाने आदेश रद्द केला. अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ३० प्रमाणे लोकांच्या आरोग्यासाठी एखाद्या पदार्थावर बंदी घालण्याचा अधिकार राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांचा आहे. मुख्य सचिव त्यात बसत नाहीत. मंत्रिमंडळाचा निर्णय मागे असला तरी विधानसभेने कायदा केलेला नाही, हेही न्यायालयाने नोंदवलं. कुत्रा यादीत नाही यात नवल नाही, कारण ईशान्येबाहेर हे मांस खाण्याची कल्पनाच परकी आहे, असंही निकालात आहे. हा शेवटचा मुद्दा बातम्यांत इतका गाजला की सहीचा मुद्दा झाकला गेला.

मुळात आयुक्तांची बंदीसुद्धा एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षाची असते. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे गुटख्यामुळे ठाऊक आहे: २०१२ पासून तीच अधिसूचना मुदत संपली की पुन्हा काढली जाते. नागालँडमध्ये तेवढं जरी योग्य हातून झालं असतं, तरी निदान सहीच्या मुद्द्यावर सरकारला हार पत्करावी लागली नसती. शिवाय याच कायद्याच्या कलम ३६ ने जिल्ह्याच्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला नियमबाह्य पदार्थाची विक्री थांबवण्याचा अधिकार दिला आहे. तो २०२० च्या आधीही होता. वापरला गेला नाही.

संविधानाच्या अनुच्छेद ३७१अ चा आधार घेऊन कोणी म्हणतं की नागांच्या धार्मिक-सामाजिक प्रथांत संसदेचा कायदा चालत नाही. प्रथेपुरतं ते विचारात घेण्यासारखं आहे. पण परराज्यातून रोखीने घेतलेली, दाखल्याविना आणलेली कुत्री ही प्रथा कशी, याचं उत्तर त्या युक्तिवादात सापडत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यातही अन्नासाठी मारण्याला सूट आहे, मात्र विनाकारण वेदना दिल्या तर ती सूट उरत नाही. या कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. हा आकडा वाचला की हद्दीवरचा शिपाई गोणी का उघडत नाही ते कळतं.

निकालाने आदेश गेला, पण अन्न मानकांच्या यादीत कुत्रा आजही नाही. १९७८ चे वाहतूक नियमही तसेच आहेत. २६ जून २०२४ ला नागरी संस्थांसाठी मतदान झालं आणि वीस वर्षांनी परिषदांत निवडून आलेले सदस्य बसले, त्यांत महिलाही आहेत. मांसविक्रीचा परवाना कोणाला द्यायचा आणि कोणाचा थांबवायचा, हे कागद आता त्यांच्या समोर येतात.