गोठ्यातले औषध आणि आभाळातले गिधाड

विदर्भातील खेड्यांत साठी ओलांडलेल्या शेतकऱ्यांना आठवते की, मेलेला बैल गावाबाहेर टाकून माणसे घरी पोहोचतात न पोहोचतात तोच आभाळात गिधाडांच्या घिरट्या सुरू होत आणि थोड्याच वेळात तिथे केवळ हाडे उरत. नव्वदच्या दशकात या घिरट्या विरळ होत गेल्या. भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली.

याचे कारण २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनातून उलगडले. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मृत गिधाडांच्या अवयवांवर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर आढळला. पक्षी शरीरातील नको असलेले नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतात. मूत्रपिंडे बंद पडली की तेच आम्ल अवयवांवर साचते. ती बंद पाडणारे औषध होते डायक्लोफेनॅक, म्हणजे जनावरांचा ताप आणि सूज उतरवण्यासाठी सर्रास टोचले जाणारे वेदनाशामक. पुढे झालेल्या गणितानुसार १३० ते ७६० मृत जनावरांपैकी एकात प्राणघातक मात्रा असली, तरी एवढी घट होण्यास ती पुरेशी होती, कारण एका जनावरावर डझनावारी गिधाडे जेवतात आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते.

गिधाडे गेली, तरी मेलेली जनावरे पडतच राहिली, आणि त्यांच्यावर मोकाट कुत्री पोसली गेली. कुत्र्यांबरोबर रेबीज आणि सडक्या मांसाबरोबर दूषित पाणी आले. अनंत सुदर्शन आणि एयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञांनी २००० ते २००५ या काळात यामुळे सुमारे ५ लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला आहे. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण पूर्वी गिधाडे असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांची तुलना त्यामागे असल्याने तो झटकून टाकता येत नाही.

दिलाशाची बाब अशी की या रोगावर उतारा साधा होता. मेलॉक्झिकॅम हे दुसरे वेदनाशामक जनावरांना तितकेच उपयोगी पडते आणि गिधाडांना बाधत नाही. पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. मात्र माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्यांचे आकारमान ३ मिलिलिटरपुरते मर्यादित करावे लागले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक या वेदनाशामकांच्याही पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गायीच्या शरीरात असेक्लोफेनॅकचे डायक्लोफेनॅकच होते, हे ध्यानात यायला बराच काळ गेला.

गडचिरोलीत वनविभागाने गिधाडांसाठी सुरक्षित मांसाची ‘उपाहारगृहे’ चालवली. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून लांब चोचीची गिधाडे पेंचला आणि पांढऱ्या पाठीची ताडोब्याला आणली गेली व पाठीवर ट्रान्समीटर लावून नंतर सोडण्यात आली. सगळी जगली नाहीत. तरीही एखाद्याचा संकेत बराच वेळ एकाच जागी थांबला की तिथे जाऊन पाहता येते, आणि पक्षी मेलेला आढळलाच, तर पहिली तपासणी मूत्रपिंडांचीच व्हायला हवी.