स्की-बोटीचा जीर्णोद्धार

स्की-बोटीचा जीर्णोद्धार : जलस्कीइंगसाठी (बोटीमागे दोरीने ओढले जात, पायांत लांब फळ्या बांधून पाण्यावरून घसरण्याच्या खेळासाठी) बांधलेली, पण वयाने आणि झिरपलेल्या पाण्याने खिळखिळी झालेली फायबरग्लासची बोट घरच्या गॅरेजात वा अंगणात उघडून तिचा आतला सांगाडा नव्याने बसवण्याचा उद्योग. हा छंद मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतला आहे. तलावाकाठची वस्ती, गाडीमागे ट्रेलरवरून नेता येणारी बोट आणि ती मावेल एवढे गॅरेज या तिन्ही गोष्टी तिथे सहज जुळून आल्या. नुसता रंग दिला, गाद्या बदलल्या तरी बोलीत जीर्णोद्धारच म्हणतात. या नोंदीत मात्र आतल्या लाकडी तुळया, फोम व तळफळी बदलण्याच्या कामापुरताच तो शब्द घेतला आहे.

साधारण १९६० ते १९९० या काळातल्या, साडेपाच ते सहा मीटर लांबीच्या बोटी या कामासाठी अधिक निवडल्या जातात. इंजिन बोटीच्या मध्यावर, त्यातून निघालेला शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) तळातून तिरका बाहेर आणि इंजिनाच्या पुढ्यात दोरी बांधण्याचा खांब, अशी त्यांची ठेवण असते. वजन मधोमध असल्याने मागे उठणारी लाट सपाट राहते आणि स्कीअरने दोरी एका बाजूला ओढली तरी बोटीचे तोंड फारसे वळत नाही. स्लालम स्पर्धेत सहा बोयांना (तरंगत्या खुणांना) वळसे घालणाऱ्या पुरुष स्कीअरला ताशी ५८ किमी. वेगाने ओढतात. या वेगाला तळाचा सपाटपणा काही मिलिमीटरांनी बिघडला तरी चालवणाऱ्याच्या हाताला कळते. पुढच्या तपशिलाचे महत्त्व यातून लक्षात यावे.

उगम : जलस्कीचे जनकत्व वादग्रस्त आहे. फ्रेड वॉलर यांना १९२५ मध्ये स्कीच्या एका जोडीचे एकस्व मिळाले आणि बरीच वर्षे शोधाचे श्रेय त्यांच्याकडेच होते. (हेच वॉलर पुढे ‘सिनेरामा’ या तीन प्रक्षेपकांच्या रुंदपडदा पद्धतीचे जनक म्हणून प्रसिद्धी पावले.) फ्रेंच रिव्हिएरावरील प्रयोगांचाही दाखला देतात, पण ते बहुधा त्या दशकाच्या उत्तरार्धातले असावेत. मिनेसोटातील लेक सिटीच्या राल्फ सॅम्युएल्सन यांनी २ जुलै १९२२ रोजी, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, पेपिन सरोवरावर स्की चालवून दाखवली होती. पिंपाच्या फळ्या आणि बर्फावरच्या स्की वापरून झाल्यावर त्यांनी सुमारे अडीच मीटर लांबीच्या लाकडी फळ्या आणल्या आणि आईच्या तांब्याच्या भांड्यात टोके उकळून ती वर वाकवली. टोके पाण्याबाहेर ठेवून मागे रेलायचे, ही खुबी त्यांना त्या दिवशी साधली. त्यांनी एकस्व घेतले नाही. अमेरिकन वॉटर स्की असोसिएशनने त्यांचा अग्रहक्क मान्य केला तो १९६६ मध्ये. कागदपत्रांच्या बळावर वॉलर आणि कालक्रमाने सॅम्युएल्सन, अशी ही वाटणी आहे. आता कौल सॅम्युएल्सनकडे झुकलेला दिसतो व तो योग्यच म्हणावा लागेल.

फायबरग्लासच्या पहिल्या बोटीबद्दलही असेच. काचतंतू विपुल प्रमाणात काढण्याची रीत ओवेन्स-इलिनॉय कंपनीत गेम्स स्लेटर यांच्या हाताखाली १९३० नंतर लवकरच बसली. १९३८ मध्ये कॉर्निंगसह ओवेन्स-कॉर्निंग ही स्वतंत्र कंपनी निघाली. तंतू होते, पण त्यांना बांधून ठेवणारे, दाबाविना घट्ट होणारे रेझिन नव्हते. ते पॉलिएस्टरच्या रूपाने दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला मिळू लागले. ओहायोतील टोलेडोचे रे ग्रीन यांनी १९४२च्या सुमारास बांधलेली छोटी शिडाची होडी ही अशी पहिली बोट असे सामान्यतः मानतात. त्यांचे आधीचे प्रयोगही सांगितले जातात. मात्र पॉलिएस्टर ही कसोटी लावली तर १९४२ हाच काळ अधिक सयुक्तिक ठरतो.

या दोन धाग्यांची गाठ फ्लोरिडात पडली. लिओ बेंट्झ यांनी रचलेली फायबरग्लासची स्की-बोट पाइन कॅसल येथील करेक्ट क्राफ्टने १९६१ मध्ये ‘स्की नॉटीक’ या नावाने बाजारात आणली. टेनेसीत रॉब शर्ली यांनी १९६८ मध्ये मास्टरक्राफ्ट सुरू केली. जीर्णोद्धाराला येणाऱ्या बोटींत या दोन घराण्यांचा भरणा मोठा.

रचना व कुजण्याची कारणे : बाहेरून दिसते ते फायबरचे कवच. त्याच्या तळाशी लांबीच्या दिशेने बसवलेल्या तुळयांना स्ट्रिंगर म्हणतात; बहुधा दोन मुख्य आणि बाजूंना दोन दुय्यम. जुन्या बोटींत त्या डग्लस फर वा तत्सम लाकडाच्या असून त्यांवर काचकापड व पॉलिएस्टरचे आवरण असते. मधल्या पोकळीत पॉलियुरेथेन फोम ओतून वर तळफळी बसवत. फायबर सडत नाही हे खरे, पण ‘फायबरची बोट’ विकत घेणाऱ्याने मुळात लाकूडच विकत घेतलेले असते. इंजिनाच्या पायांचे मोठे स्क्रू थेट मुख्य तुळईत शिरलेले असतात; भोक पाडताना आवरण भेदले जाते आणि कंपनांनी ते सैलावते. पाणी शिरते ते तिथून.

आत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते आणि थोडी हवा. दोन्ही तिथे मिळतात. खाऱ्या पाण्याने बुरशीला काहीसा आळा बसतो, पण स्की-बोटी चालतात गोड्या पाण्याच्या तलावांवर; शिवाय ताडपत्रीच्या फटीतून आलेले पावसाचे पाणीही गोडेच. फोमचे घरही असेच. या कामी वापरतात तो कोरडा फोम घनफूटभर घेतला तर किलोभरही भरत नाही. तेवढेच पाणी मात्र अठ्ठावीस किलोंचे. ओला फोम उन्हात सुकेल ही आशा बहुतेक मालक एक उन्हाळाभर बाळगतात. तो सुकत नाही.

परीक्षा साधी. छोट्या हातोडीने तुळईवर टकटक करत जावे. चांगल्या लाकडाचा आवाज खणखणीत, कुजलेल्याचा बद्द. इंजिनाच्या पायाचा स्क्रू पान्याने फिरवावा. तो जागच्या जागी फिरत राहिला, किंवा काढल्यावर आट्यांत चहाच्या चोथ्यासारखा काळपट भुगा आला, तर पुढची शंका उरत नाही. शेवटचा पुरावा म्हणजे बारीक छिद्र : त्यातून तपकिरी पाणी ठिबकू लागते आणि गॅरेजभर ओल्या पालापाचोळ्याचा वास सुटतो.

काढणी : इंजिन उतरवण्याआधी तुळयांची उंची, इंजिनाच्या पायांची जागा आणि शाफ्टचा कोन यांची मापे घेऊन ठेवतात, तुळई बाहेर काढताना तिचा चुरा होणार हे गृहीत धरायचे. दोन्ही मुख्य तुळया एकदम कापू नयेत. कवच तेवढ्यावरच आकार धरून असते. आधार गेला की तळ ट्रेलरच्या फळ्यांवर बसून वाकतो, आणि त्या वाकासह नवी तुळई चिकटवली तर तो कायमचा. म्हणून एक बाजू पुरी करून मग दुसरी. वरचा डेकचा भाग शक्यतो काढत नाहीत.

सांधा : जाणकारांत खरा मतभेद इथे आहे, आणि तो समजण्यासाठी थोडे रसायन लागते. पॉलिएस्टरचा एक थर ओलसर असतानाच दुसरा चढवला तर दोन्ही थरांतल्या साखळ्या एकमेकींत गुंततात. याला प्राथमिक सांधा म्हणता येईल. कारखान्यात बोट घडते ती अशी. तीस वर्षांपूर्वी घट्ट झालेल्या कवचावर नवे पॉलिएस्टर लावले, तर ते जुन्याशी रासायनिक नाते जोडत नाही, खरखरीत पृष्ठभागाला केवळ धरून राहते. पॉलिएस्टर घट्ट होताना आकारमानाने साधारण ५ ते ८ टक्के आक्रसते, त्यामुळे सांध्यात ताण राहतो; इपॉक्सी (दुसऱ्या जातीचे रेझिन) पुष्कळ कमी आक्रसते आणि लाकडालाही चांगली धरते. यावरून एक पक्ष जुन्या बोटीत इपॉक्सीच हवी म्हणतो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, मूळ बोट पॉलिएस्टरवरच तीस वर्षे तरली, आणि इपॉक्सीच्या निम्म्याहून कमी पैशांत ते काम होते. दोन्ही बाजू खऱ्या असल्या तरी लाकडाशी जिथे गाठ आहे तिथे इपॉक्सीचा पक्ष जड वाटतो. केवळ फायबरवर फायबर असेल, तर घासाई नीट झाली आहे की नाही याला रेझिनच्या जातीपेक्षा अधिक महत्त्व द्यावे.

दोन तपशील मात्र चुकवून चालत नाहीत. एक, सुट्या तंतूंच्या साध्या मॅटला धरून ठेवणारा डिंक बहुधा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. म्हणून इपॉक्सीबरोबर शिवलेले कापड घेतात. दोन, ‘इपॉक्सीवर जेलकोट (बोटीचा बाहेरचा रंगीत, चकचकीत थर) धरत नाही’ हा समज अर्धाच खरा आहे. इपॉक्सी पुरती घट्ट होऊ दिली, वर आलेला मेणचट थर पाण्याने धुतला आणि मग घासले, तर जेलकोट बसतो. धुण्याची पायरी गाळली की तो चिकट राहतो.

जुने कवच घासताना कडेला १२ : १ असा उतार देतात, म्हणजे ६ मिमी. जाडीच्या थराला सुमारे ७ सेंमी. रुंदीचा. तुळई व कवच यांच्यातला कोपरा घट्ट लगद्याने गोलसर भरतात, कारण काटकोनात काचकापड बसत नाही, मागे हवा राहते.

पॉलिएस्टरमध्ये हार्डनर, म्हणजे मिथिल एथिल कीटोन पेरॉक्साइड, १ ते २ टक्के घालतात. घट्ट होण्याच्या क्रियेत उष्णता निघते; उथळ ताटलीत ती निघून जाते, खोल डब्यात साठते. गप्पांच्या नादात डब्यात राहिलेले लिटरभर रेझिन आधी कोमट लागते, मग जेलीसारखे थरथरते आणि मिनिटा-दोन मिनिटांत धूर सोडू लागते. अमेरिकेत रेझिन बहुधा कोबाल्ट (घट्ट होण्याची क्रिया वेगवान करणारे द्रव्य) मिसळूनच येते. आपल्याकडे कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर, जिथे फायबरच्या होड्यांची डागडुजी नित्याची आहे, कोबाल्ट आणि हार्डनर वेगवेगळ्या बाटल्यांत मिळतात. ते दोन्ही थेट एकमेकांत कधीही ओतू नयेत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये ढवळून घ्यायचे, हार्डनर शेवटी. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. काचेच्या धुळीची खाज त्यामानाने क्षुल्लक, पण मुखपट्टी धूळ आणि वाफ दोन्ही अडवणारी हवी.

इंजिन व शाफ्ट : इंजिन मोटारीच्याच वंशातले (फोर्डचे ३५१ घनइंची व्ही-८ पुष्कळ बोटींत आढळते), तरी मोटारीचा स्टार्टर वा अल्टरनेटर बसवू नये, बंद खणात साचलेल्या पेट्रोलच्या वाफेला त्यातली ठिणगी पुरते. नव्या तुळयांवर इंजिन बसवल्यावर शाफ्ट व गिअरबॉक्स यांच्या कपलिंगच्या दोन चकत्या समोरासमोर आणून चारही बाजूंनी फिलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) घालून पाहतात. फट कुठेही ०·०८ मिमी.हून अधिक वेगळी भरू नये. ही जुळणी बोट पाण्यात उतरवल्यावर पुन्हा तपासायची, कारण ट्रेलरवर आणि पाण्यात कवचाचा बाक थोडा निराळा असतो.

जेलकोट, गाद्या : निस्तेज जेलकोट ओल्या पॉलिश पेपरने क्रमाक्रमाने घासून, कंपाउंड लावून चमकवतात. गाद्यांचे काम बहुधा बाहेर देतात.

ओळख : १ नोव्हेंबर १९७२ पासून अमेरिकेत प्रत्येक नव्या बोटीच्या मागच्या भिंतीवर उजव्या अंगाला बारा अक्षरांकांचा क्रमांक कोरणे बंधनकारक आहे, त्यावरून निर्माता व वर्ष कळते. ही भिंत घासताना तो क्रमांक पुसला जाणार नाही हे पाहावे लागते.

पाण्यात उतरवणे : तळाचे बूच लावले आहे याची खात्री करून बोट प्रथम ट्रेलरला बांधलेलीच पाण्यात नेतात आणि तळफळीचे झाकण उघडे ठेवून शाफ्टच्या ग्लँडकडे, म्हणजे शाफ्ट तळातून बाहेर पडतो तिथे पाणी अडवणाऱ्या जोडाकडे, पाहतात. दोरीच्या जुन्या पद्धतीच्या ग्लँडमधून शाफ्ट फिरत असताना मिनिटाला काही थेंब पडलेच पाहिजेत, नाहीतर दोरी जळते. इंजिन बंद केल्यावर ते जवळपास थांबावेत. कोरड्या लाकडाची नि कोरड्या फोमची बोट पूर्वीपेक्षा उंच तरंगते. मागच्या भिंतीवर जुन्या पाणरेषेचा पिवळसर डाग नव्या रेषेच्या वर, हवेत राहिलेला दिसतो.