भारतीय रुपया

भारताचे राष्ट्रीय चलन. एका रुपयाचे १०० पैसे होतात. वस्तूंच्या किमती, मजुरी, कर आणि कर्जे रुपयांत मोजली जातात आणि रुपयांतच फेडली जातात. त्यामुळे तो सबंध अर्थव्यवस्थेचे माप ठरतो.

शेरशाह सूरने (कार. १५४०–४५) पाडलेले चांदीचे नाणे हा रुपयाचा आरंभ मानला जातो. मराठेशाहीत चांदवडी, अंकुशी असे अनेक टाकसाळींचे रुपये एकाच वेळी चालत आणि ते बदलून देताना सराफ बट्टा (बदलण्याची वजावट) कापून घेत. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये आपल्या मुलखात १८० ग्रेन (सुमारे ११.७ ग्रॅम) वजनाचा एकच रुपया लागू केला.

या रुपयाची किंमत चांदीवर अवलंबून होती, आणि तेच पुढे संकटाचे कारण झाले. १८७० नंतर जर्मनीसह युरोपातील देश सुवर्णचलनाकडे (सोन्यावर आधारलेल्या चलनाकडे) वळल्याने चांदी स्वस्त झाली आणि सुमारे दोन शिलिंगांचा (शिलिंग हे ब्रिटिश नाणे; १२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड) रुपया १८९३ च्या सुमारास सव्वा शिलिंगाच्या आसपास उतरला. हिंदुस्थान सरकारला लंडनमधील देणी पौंडांत भागवावी लागत असल्याने तेवढ्याच देण्यासाठी अधिक रुपये, म्हणजे रयतेकडून अधिक महसूल, लागू लागला. तोपर्यंत कोणीही टाकसाळीत चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. १८९३ मध्ये ही मुभा बंद झाली. तेव्हापासून रुपया दिसायला चांदीचा राहिला, तरी त्याचे मोल सरकारच्या शब्दावर टिकू लागले. १९२७ मध्ये दर १ शिलिंग ६ पेन्स ठरला, तेव्हा १ शिलिंग ४ पेन्सचा आग्रह धरणाऱ्या मुंबईच्या गिरणीमालकांनी विरोध केला. महाग रुपयामुळे परदेशी कापड येथे स्वस्त पडते, हा त्यांचा आक्षेप रास्तच होता.

१ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली आणि नोटा काढण्याचा अधिकार तिच्याकडे आला. एक रुपयाची नोट मात्र आजही केंद्र सरकारची असते. तिच्यावर गव्हर्नरऐवजी वित्त सचिवांची सही असते आणि रक्कम अदा करण्याचे वचन नसते. नोटांची छपाई नाशिक रोड, देवास, म्हैसूर आणि सालबोनी येथे होते. आणे-पै जाऊन दशमान पद्धत १ एप्रिल १९५७ पासून आली.

स्वातंत्र्यानंतर १९४९, १९६६ आणि १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, म्हणजे परकीय चलनांच्या तुलनेत त्याची किंमत सरकारने उतरवली. १९६६ मध्ये डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला. अवमूल्यनाने निर्यातीला हात मिळतो, पण खनिज तेलासारखी अटळ आयात महागते आणि ती झळ वाहतूकखर्चामार्फत भाजीबाजारापर्यंत पोहोचते. मार्च १९९३ पासून विनिमयदर बाजारात ठरतो. चढउतार फार झाल्यास रिझर्व्ह बँक डॉलरची खरेदी-विक्री करते. देशांतर्गत मूल्य राखण्यासाठी २०१६ पासून महागाईचे उद्दिष्ट ४ टक्के, दोन्ही बाजूंना २ टक्क्यांच्या मुभेसह, कायद्यानुसार ठरवले जाते आणि त्यासाठी सहा सदस्यांची पतधोरण समिती व्याजदर निश्चित करते.

भूतानचे चलन ङुल्ट्रम रुपयाशी सममूल्य असून नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० असा बांधलेला आहे.