आषाढ आमरी कुंडीत का जगत नाही?

जूनचे पहिले काही पाऊस झाले की सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, आणि गवताळ उतारांवर आषाढ आमरी उगवते. आमरी म्हणजे ऑर्किड. शास्त्रीय नाव हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. मातीला चिकटलेलं एकच गोलसर पान, क्वचित दोन, मधून निघालेला छोटा दांडा आणि त्यावर मोजकी पांढरी फुलं. पान जमिनीलगत असल्यामुळे गवताने डोकं वर काढलं की त्यावर सावली येते. म्हणून फुलायची घाई.

खरा हिशेब मातीखाली असतो. गेल्या वर्षीच्या कंदातला साठा पान आणि फुलं काढण्यातच खर्च होतो. पुढच्या वर्षाचा नवा कंद शेजारी भरतो तो या पानाने बनवलेल्या अन्नावर. फोटो घेताना पान बुटाखाली चिरडलं तर यंदाचं फूल कदाचित टिकेल, पण कंद अर्धवट भरेल आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे कदाचित काहीच उगवणार नाही. सड्यावर पाय ठेवायचा तो उघड्या कातळावर, गुडघा टेकायचा तोही तिथेच.

सड्याच्या जांभ्या दगडावरची माती पातळ, आम्लधर्मी आणि निकस. पावसाळाभर ओल असते, पण पाणी मुरून किंवा वाहून जातं. उन्हाळ्यात तीच माती ठणठणीत कोरडी पडते आणि कंद झोपून राहतो. कुंडीत नेमकं उलटं घडतं. शेणखत घातलेली भारी माती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यातही रोज पाणी मिळतं आणि निजलेला कंद कुजतो. फसगत अशी, की उपटून आणलेला कंद साठ्याच्या जोरावर एकदा फुलूही शकतो. मालकाला वाटतं, जमलं!

बियांचाही उपयोग होत नाही. बोंडातलं बी धुळीइतकं बारीक, त्यात अन्नसाठा जवळपास नसतो. मातीतली ठरावीक बुरशी आत शिरून अन्न पुरवते तेव्हाच ते रुजतं. आमरीच्या बियांचं हे बुरशीवरचं अवलंबित्व नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1899 मध्ये ओळखलं. रासायनिक खत पडलं की ही भागीदारी बिघडते. त्यामुळे आमरी वाचवायची तर तिच्यासकट सड्याची माती जागच्या जागी राहिली पाहिजे. गाड्या सड्यावर चढवू नयेत, कोरड्या दिवसांतही, कारण चाकाखाली घट्ट झालेल्या मातीत पुढच्या पावसाचं पाणी साचतं. वाळलेला दांडा तोडू नये. बी त्यातूनच उधळतं.