आम्ही डुकरांच्या नर पिल्लांना खच्ची का करत नाही

मांस घ्यायला आलेला जवळजवळ प्रत्येक नवा ग्राहक विचारतो, "खच्ची न केलेल्या नराचं मांस? त्याला वास मारतो ना?" प्रश्न रास्त आहे. उत्तर उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

वास येऊ शकतो, हे खरं आहे. वयात आलेल्या काही नरांच्या चरबीत दोन पदार्थ साठतात. पहिला अँड्रोस्टेनोन. तो वृषणात तयार होतो आणि त्याला मुतारीसारखा वास येतो. दुसरा स्कॅटोल. आतड्यातले जिवाणू प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन या घटकाचं विघटन करतात तेव्हा तो बनतो. त्याचा वास विष्ठेचा. स्कॅटोल मादीच्या पोटातही बनतो, पण तिचं यकृत त्याचा निचरा करतं. नराच्या यकृताचं तेच काम अँड्रोस्टेनोनमुळे मंदावतं. गार मांसाला हा वास फारसा जाणवत नाही, चरबी तापली की उठतो. शिवाय अँड्रोस्टेनोनचा वास काही माणसांना जन्मतःच येत नाही. म्हणून एकाच भांड्यातलं मांस घरातला एक जण आवडीने खातो आणि दुसऱ्याला घास गिळवत नाही. दोघंही खरं तेच सांगत असतात.

हा वास नको म्हणून अनेक देशांत नर पिल्लांना पहिल्या आठवड्यातच खच्ची करतात, पुष्कळदा भूल न देता. पिल्लू लहान म्हणून त्याला दुखत नाही, हा समज चुकीचा आहे. पूर्वी आम्हीही हे केलं आहे. हातातल्या पिल्लाची ती किंकाळी आणि नंतर कोपऱ्यात त्याचं थरथरत पडून राहणं विसरता येत नाही. दुसरा मार्ग असताना ते करत राहणं आम्हाला पटेना.

मार्ग आहेत. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये बहुतेक नर कित्येक दशकांपासून खच्ची न करताच वाढवले जातात आणि तुलनेने कमी वजनावर कापले जातात. जर्मनीने 2021 पासून आणि फ्रान्सने 2022 पासून वेदना न थांबवता खच्ची करण्यावर बंदी घातली.

आम्हीही नर वयात येण्याआधी, म्हणजे साधारण पाच-सहा महिन्यांच्या आत कत्तलीला पाठवतो. म्हणून आमचे तुकडे थोडे लहान आणि मांसावर चरबी कमी. खच्ची न केलेला नर तेवढ्याच खाद्यात जास्त मांस धरतो, मात्र त्याच्या खुराकात प्रथिनं, विशेषतः त्यांतला लायसिन हा घटक, जास्त लागतं. शेवटचे काही दिवस आम्ही चिकोरीचं मूळ खायला घालतो, त्याने आतड्यात स्कॅटोल कमी बनतो. जमीन कोरडी ठेवणं तितकंच महत्त्वाचं, कारण शेणामुतात लोळणाऱ्या डुकराच्या चरबीत स्कॅटोल वाढतो. खरी मेहनत या साफसफाईतच जाते.

नर एकमेकांवर चढतात, भांडतात, पाय दुखावून घेतात, हेही लपवत नाही. म्हणून एका वेतातली पिल्लं शेवटपर्यंत एकत्रच ठेवतो. मध्येच अनोळखी डुक्कर आत सोडलं की मारामारी ठरलेली.

ज्यांना मोठं, जास्त चरबीचं जनावर हवं असतं, त्यांच्यासाठी आम्ही लस टोचलेले नर वाढवतो. या लसीविषयी शंका फार येतात. तिच्यात काम करणारं हार्मोन नसतं. वृषणांना चालना देणाऱ्या मेंदूतल्या एका संदेशाविरुद्ध डुकराचं शरीर स्वतःच प्रतिपिंडं तयार करतं, इतकंच. दोन डोस लागतात, त्यांत किमान चार आठवड्यांचं अंतर आणि दुसरा कत्तलीच्या चार ते सहा आठवडे आधी. त्यानंतर वृषणं आक्रसतात, नर शांत होतो, वास विरून जातो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ही लस 1998 पासून, युरोपीय संघात 2009 पासून वापरात आहे. मांस खाणाऱ्याला तिचा धोका नाही. टोचणाऱ्याला मात्र जपावं लागतं, सुई चुकून स्वतःला लागली तर त्याच्या प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो. म्हणून ते काम आम्ही सुरक्षा-कवच असलेल्या सिरिंजनेच करतो.

फक्त माद्याच जन्माला घालता येत नाहीत का, असंही कुणी विचारतं. गाईंमध्ये वीर्यातले मादी देणारे शुक्राणू निवडून ते जमतं. डुकरिणीला एका वेळी अब्जावधी शुक्राणू लागतात. इतके निवडत बसणं सहसा परवडत नाही.

इतकं करूनही एखादा नर निसटतोच. एक वृषण पोटातच राहिलेला नर वरून सहज ओळखू येत नाही, पण वास त्यालाही येतो. म्हणून प्रत्येक नराच्या चरबीला तापलेली सळई टेकवून वास घेतला जातो. हे काम अँड्रोस्टेनोनचा वास पक्का ओळखणाऱ्या माणसाकडेच दिलेलं आहे. शंका आली की ते मांस विक्रीला येत नाही.

घरी शंका आली तर चरबीचा छोटा तुकडा झाकण लावून तापवा, झाकण उघडताच वास घ्या आणि घरातल्या आणखी एखाद्याला घ्यायला सांगा. वास आला तर उरलेलं मांस परत आणा, पिशवीवरचा क्रमांक सांगा. पैसे परत मिळतील, आणि ते जनावर कोणत्या वेतातलं, कोणत्या कप्प्यातलं होतं हे आम्हाला शोधता येईल.