शबक म्हणजे सोडणं, पण कुठलं सोडणं?

‘एली, एली, लमा सबखथनी’, म्हणजे ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस’, क्रुसावरचे येशूचे हे शब्द गुड फ्रायडेला ऐकलेले असतात, पण त्यातला शेवटचा शब्द म्हणजे जवळजवळ अख्खं वाक्यच आहे, तेही अरामी भाषेतलं, म्हणजे हिब्रूच्या नात्यातल्या, येशूच्या बोलीतलं. शबक म्हणजे सोडलं, शबकत म्हणजे तू सोडलंस, आणि शबकतनी म्हणजे तू मला सोडलंस, कर्ता-कर्म सगळं क्रियापदाच्याच शेपटीला. येशूची ही गोष्ट लिहिली गेली ग्रीकमध्ये, आणि ग्रीकमध्ये श नाहीच, म्हणून लिहिणाऱ्याने स वर भागवलं. आणि हे वाक्य मुळात बायबलच्या जुन्या करारातल्या, म्हणजे येशूच्या आधीच्या भागातल्या, ज्या 22व्या स्तोत्रातलं, तिथे हिब्रूत वेगळंच क्रियापद आहे, अझबतनी.

जुना करार बहुतेक हिब्रूत, अरामी थोडीच, मुख्यतः दानीएल आणि एज्रा या पुस्तकांचे काही अध्याय, त्यात शबक हे क्रियापद मोजून 5 वेळा येतं. दानीएलमध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या स्वप्नात हुकूम येतो की झाड तोडा, पण बुंधा मुळांसकट जमिनीत ‘शबूकू’, म्हणजे राहू द्या. एज्रा 6:7 मध्ये दारयावेश राजाच्या पत्रातही हाच शब्द, हेच रूप, पण अर्थ बघा, देवळाचं काम चाललंय ते चालू द्या, मध्ये पडू नका!

व्याकरणाची खरी मजा दानीएल 2:44 मध्ये आहे. ‘ते राज्य दुसऱ्या लोकांच्या हाती सोडलं जाणार नाही’, इथे कर्मणी करायला धातूच्या आधी त लागतो, म्हणजे हिशेबाने व्हायला हवं तित्शबिक, पण होतं तिश्तबिक, कारण त आणि श जागा बदलतात. आपण नाही का नुकसानचं नुसकान करत, तसंच, फक्त तिकडे तो पक्का नियम आहे.

पुढे ज्यूंच्या घटस्फोटाच्या कागदात ‘इग्गेरेत शेवूकीन’ असे शब्द आले. इग्गेरेत म्हणजे पत्र, शेवूकीन याच धातूतलं, म्हणजे शब्दशः सोडचिठ्ठी! इंग्रजीला यासाठी फोड करून सांगावं लागतं, आपल्याकडे शब्द तयारच. सिरियाक ही अरामीचीच एक शाखा, तिच्यातल्या प्रभूच्या प्रार्थनेत, म्हणजे येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत, ‘वश्बोक लन’ आहे, म्हणजे आम्हाला माफ कर. मराठी बायबलात तिथे ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ असं मस्त केलंय, आणि क्रुसावरच्या वाक्यात मात्र त्याच धातूला ‘त्याग केलास’. चूक नाही, पण मरताना कोण त्याग म्हणेल, ‘मला का सोडलंस’ असंच म्हणेल ना.