डिशवॉशर, घरगुती : खानदेशातील निगा, दुरुस्ती व सुटे भाग

गरम पाणी आणि अल्कधर्मी पावडर यांचे फवारे दाबाने मारून भांडी धुणाऱ्या विजेवरील यंत्राला डिशवॉशर म्हणतात. जोसेफीन कॉक्रेन या अमेरिकी महिलेने १८८६ मध्ये त्याचे पेटंट मिळवले आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ते लोकांपुढे आले. भारतात २०२० च्या टाळेबंदीत धुण्याभांड्याच्या बाया येईनाशा झाल्या, तेव्हा या यंत्राची मागणी एकाएकी वाढली. आता ते जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ येथील स्वयंपाकघरांतही दिसते. खानदेशात या यंत्राविषयी जी गाऱ्हाणी ऐकू येतात, त्यांतील पुष्कळशी यंत्राची नसून पाण्याची असतात. म्हणून निगेचा विचार येथे पाण्यापासून सुरू करावा लागतो आणि सुटा भाग मागवण्याचा विचार सर्वांत शेवटी करणे शहाणपणाचे ठरते.

रचना : नळाचे पाणी इनलेट व्हॉल्व्हमधून आत येते, क्षार काढणाऱ्या राळेच्या कप्प्यातून म्हणजे सॉफ्टनरमधून जाते, तळाच्या खळग्यात साठते, हीटरने ५० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि मुख्य पंपाने स्प्रे आर्ममध्ये ढकलले जाते. स्प्रे आर्म मोटारीने फिरत नाहीत. तिरप्या छिद्रांतून सुटणाऱ्या पाण्याच्या उलट रेट्याने ते फिरतात. तेच पाणी गाळणीतून पुन्हा पुन्हा फिरवले जात असल्यामुळे एका धुण्याला साधारण १० ते १५ लिटर पाणी पुरते. शेवटी दुसरा, लहान पंप ते गटारात सोडतो. वापरणाऱ्याला एवढा प्रवास ध्यानात असला की कोणता बिघाड कोठे शोधायचा, हे निम्मे कळलेले असते.

पाण्याचा जडपणा : खानदेशाचा मोठा भाग काळ्या बेसाल्टचा आहे, तर यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांच्या पट्ट्यात तापीच्या गाळाचे जाड थर आहेत. दोन्हीकडच्या विहिरींच्या व बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार कमीअधिक उतरलेले असतात. बादलीला पांढरी कड येणे, गिझरची कॉइल दोन-तीन वर्षांत खडूसारखी होणे, साबणाला फेस न येणे या त्याच्या घरगुती खुणा होत. असे पाणी तापले की त्यातील बायकार्बोनेट विघटित होऊन कॅल्शियम कार्बोनेटची पुटे धरतात, आणि डिशवॉशरमध्ये तर पाणी रोजच तापते. धरणाचे नळपाणी बहुधा याहून सौम्य असते. परंतु ज्या घरात नळ काही दिवसांआड येतो आणि मधले दिवस बोअर चालते, तेथे दोन्ही पाणी एकाच टाकीत मिसळते आणि जडपणा आठवड्यातच वर-खाली होतो. अशा घरी सॉफ्टनर अधिक जड पाण्याप्रमाणे लावावा. त्यात थोडे मीठ जास्त खर्च होते, पण हीटर वाचतो.

आयएस १०५००:२०१२ या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालण्याजोगा धरला आहे. युरोपीय बनावटीच्या यंत्रांवर हीच गोष्ट जर्मन अंशांत मांडलेली असते व एक जर्मन अंश म्हणजे लिटरला १७.८ मिलिग्रॅम, त्या हिशेबाने २०० मिलिग्रॅम म्हणजे ११ अंश आणि ६०० मिलिग्रॅम म्हणजे जवळजवळ ३४ अंश होतात. पाण्याची तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत करून घेता येते. काही यंत्रांसोबत रंग बदलणारी चाचणीपट्टीही मिळते. यंत्र बसवायला आलेला माणूस पुष्कळदा सॉफ्टनरचा कारखान्यात लावलेला मधला आकडा तसाच ठेवून निघून जातो आणि सहा महिन्यांनी पेले धुरकट झाल्यावर दोष पावडरीला दिला जातो.

सॉफ्टनरमधील राळ मिठाच्या पाण्याने वेळोवेळी ताजीतवानी होते. त्यासाठी डिशवॉशरचे म्हणून मिळणारे जाड, शुद्ध मीठच घालावे. आयोडीनयुक्त बारीक मिठात गुठळी न होण्यासाठी मिसळलेले पदार्थ कप्पा तुंबवतात, आणि किराणा दुकानातील खड्या मिठात माती व इतर क्षार असतात. पहिल्यांदा भरताना मात्र कप्प्यात आधी सुमारे एक लिटर पाणी ओतावे लागते. भरताना बाहेर सांडलेले मीठ स्टीलच्या टाकीला गंज आणते, म्हणून लगेच एक धुणे चालवावे. मिठाच्या कप्प्यात चुकून पावडर पडली तर सॉफ्टनर बहुधा बदलावाच लागतो, आणि हा सर्वांत महाग पडणाऱ्या चुकांपैकी एक आहे.

पेल्यांवरील पांढरेपणा दोन प्रकारचा असतो. डागावर लिंबाची फोड चोळून पाहावी : डाग निघाला तर तो क्षाराचा आहे आणि मीठ किंवा सॉफ्टनरची मांडणी तपासावी, निघाला नाही तर काचच झिजलेली आहे आणि ती कशानेही परत चकाकत नाही. आत जमलेली पुटे काढण्यासाठी किराण्यात मिळणारे लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, १०० ते १५० ग्रॅम रिकाम्या यंत्रात टाकून पावडरीशिवाय एक गरम धुणे चालवावे. व्हिनेगरचा वारंवार वापर रबराला बाधतो.

दाब आणि गाळ : बहुतेक यंत्रांना किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १ बार भरतो. म्हणजे स्लॅबवरील टाकीतील पाणी व्हॉल्व्हपासून तीनच मीटर वर असेल, तर वरच्या मजल्यावरील स्वयंपाकघरात कसाबसा ०.३ बार मिळतो. तळमजल्यावर उत्तम चालणारे यंत्र वरच्या मजल्यावर नेताच ‘पाणी येत नाही’ असे दाखवू लागते, त्याचे कारण हेच. टाकी उंच चौथऱ्यावर घेणे किंवा छोटा प्रेशर पंप बसवणे, हे त्यावरचे उपाय आहेत. व्हॉल्व्ह बदलून काही साधत नाही. पावसाळ्यात गढूळ पाणी आले की इनलेट नळीच्या तोंडाशी असलेली बोटाच्या पेराएवढी जाळी तुंबते. नळ बंद करून नळी फिरवून काढावी, जाळी पकडीने ओढून जुन्या टूथब्रशने धुवावी व पुन्हा बसवावी. हे काम दहा मिनिटांचे आहे.

गाळणी, तेल व भांडी : शेवभाजीची तर्री, भरिताचे तेल आणि काळ्या मसाल्याचा लगदा यांचा मुक्काम तळाच्या गाळणीत असतो. तेल व जड पाण्यातील कॅल्शियम एकत्र आले की न विरघळणारा, करड्या रंगाचा चिकट साबण तयार होतो व तो जाळीच्या छिद्रांवर पापुद्र्यासारखा बसतो. दंडगोल गाळणी डावीकडे फिरवून उचलली की तळाशी फुगलेली शेव, मोहरी, मिरचीची साल, कोथिंबिरीचे देठ आणि नव्या स्टीलच्या भांड्यावरून सुटलेले चिकट लेबल, असा ऐवज सापडतो. ती आठवड्यातून एकदा गरम पाणी व ब्रशने धुवावी. भरीत-पुरीचा बेत झालेल्या रात्री त्याच दिवशी. स्प्रे आर्मच्या छिद्रांत अडकलेली मोहरी किंवा क्षाराचा खडा सुईने काढावा आणि आर्म नळाखाली धरून हलवून पाहावा. आत खुळखुळ ऐकू आली तर अजून काहीतरी शिल्लक आहे. दाराच्या खालच्या ओठाला लागलेल्या रबरावर फवारा पोहोचत नाही, त्यामुळे तेथील घाण हातानेच पुसावी लागते. दुर्गंधी आली की पुष्कळ जण गाळणी धुतात आणि हा ओठ विसरतात.

हिंडालियमची कढई अल्कधर्मी पावडरीने काळी पडते, लोखंडी तव्याला गंज चढतो, कल्हईची पितळी भांडी कळकट होतात आणि मांडे भाजायचे मातीचे खापर तर यंत्रात ठेवूच नये. हाताने भांडी घासायचे लिक्विड यंत्रात कधीही घालू नये. त्याचा फेस दाराबाहेर येतो व यंत्राच्या बुडाशी असलेल्या, गळलेले पाणी झेलणाऱ्या तबकात उतरतो.

बिघाड : पाणी उपसले जात नसेल तर आधी गाळणी, मग गटाराची नळी दुमडली आहे का ते पाहावे आणि त्यानंतर खळग्याच्या कोपऱ्यातील झाकणी काढून पंपाच्या पंख्याला बोटाने, काचेपासून जपत, चाचपावे. लिंबाची बी, टूथपिक किंवा फुटलेल्या पेल्याची कपची तेथे अडकलेली असते. हा पंखा सरळ न फिरता अडखळत फिरतो. आतील चुंबकामुळे तसे होते आणि तो दोष नव्हे. कोणत्याही तपासणीआधी प्लग काढणे व नळ बंद करणे आवश्यक आहे.

पडद्यावर येणारे संकेत भागाचे नाव सांगत नाहीत, लक्षण सांगतात. बॉशच्या यंत्रावरील ‘ई १५’ म्हणजे खालच्या तबकात पाणी साचले असून तरंगता स्विच वर उचलला गेला आहे. ‘ई २४’ म्हणजे उपसा होत नाही. एलजीच्या यंत्रावर ‘आय ई’ पाणी येत नसल्याचा, ‘ओ ई’ उपशाचा व ‘एच ई’ तापण्याच्या दोषाचा संकेत असतो. ‘ई १५’ आल्यावर यंत्र तिरपे करून पाणी काढण्याचा उपाय तोंडोतोंडी प्रसिद्ध आहे. त्याने संकेत जातो, गळती राहते. पाणी फेसातून आले, सुटलेल्या क्लिपमधून आले की उंदराने कुरतडलेल्या नळीतून आले, हे शोधल्याशिवाय यंत्र पुन्हा चालवू नये. यंत्राच्या मागची ऊबदार जागा उंदरांना आवडते. भिंतीतील नळीचे भोक सिमेंटने किंवा बारीक स्टीलच्या जाळीने बुजवणे हा निगेचाच भाग मानावा.

पाणी तापत नसेल तर हीटरचा रोध मल्टिमीटरने मोजता येतो. २३० व्होल्टवर २,००० वॅटच्या हीटरचा रोध सुमारे २६ ओहम येतो. मीटरने काहीच जोड दाखवली नाही तर तार तुटली आहे. एमसीबी किंवा आरसीसीबी (दोष आल्यास वीज आपोआप तोडणारे स्विच) पडत असेल, तर हीटरमधून गळणारी वीज हे एक नेहमीचे कारण असते आणि ते काम वायरमनकडेच सोपवावे. यंत्राला १६ अँपियरचा स्वतंत्र सॉकेट व खरे अर्थिंग लागते. उन्हाळ्यात काळी माती सुकून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची ओल जाते व रोध वाढतो. मग ओल्या हाताला दाराच्या कडेला झिणझिण्या जाणवतात. चैत्र-वैशाखात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतण्याची जुन्या वायरमनांची सूचना म्हणूनच योग्य आहे. भांडी वाळत नसतील तर बहुधा चमक देणारे रिन्स एड संपलेले असते. प्लॅस्टिकचे डबे मात्र ते असूनही ओले राहतात, कारण प्लॅस्टिक उष्णता धरत नाही.

सुटे भाग : भाग शोधताना मॉडेलचे विक्रीनाव पुरेसे नसते. दाराच्या कडेवरील पट्टीवर पूर्ण क्रमांक असतो (बॉश व सीमेन्सच्या यंत्रांवर ‘ई-एनआर’ आणि त्याशेजारी निर्मितीकाळ दर्शवणारा ‘एफडी’). यंत्र नवीन असतानाच त्याचा फोटो काढून ठेवावा, कारण पावडरीच्या वाफेने अक्षरे पुसट होतात. इनलेट नळी पाऊण इंची आट्यांची असते आणि वॉशिंग मशीनचे सामान विकणाऱ्या दुकानात ती सहज मिळते. पाणी उपसणारा पंपही काही वेळा वॉशिंग मशीनच्या पंपाशी जुळतो, पण व्होल्ट, वॅट, खाचांची संख्या आणि तोंडाची दिशा या चारही गोष्टी जुना भाग समोर ठेवून ताडून पाहाव्यात. बास्केटची चाके, स्प्रे आर्म, गाळणी व दाराचे रबर मॉडेलनुसारच घ्यावे लागते. रबर तर अर्धा सेंटीमीटर आखूड असले तरी गळते. काही नव्या यंत्रांत हीटर आणि मुख्य पंप एकाच जोडणीत असल्यामुळे एक बिघडला की दोन्हींची किंमत मोजावी लागते. पीसीबी, म्हणजे यंत्र चालवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी, मेकॅनिकच्या भाषेतले ‘कार्ड’, सर्वांत महाग. ते बदलण्याआधी रिले किंवा कपॅसिटर बदलून काम भागते का, हे इन्व्हर्टर व टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिराला दाखवावे. व्होल्टेजच्या चढउतारात बहुधा हेच दोन भाग जातात.

असे भाग तालुक्याच्या गावी क्वचितच साठ्यात असतात. जळगाव-धुळ्याकडे ते नाशिक, पुणे किंवा मुंबईहून येतात, तर नंदुरबारला सुरत अधिक जवळ पडते आणि तापी खोऱ्यातील रेल्वेमार्ग थेट तेथे पोहोचवतो. जुना भाग हातात घेऊन जाणे हा फोनवर वर्णन करण्यापेक्षा केव्हाही सुरक्षित मार्ग. युरोपीय संघाच्या २०१९/२०२२ क्रमांकाच्या नियमाने मार्च २०२१ पासून पंप-हीटरसारखे भाग किमान ७ वर्षे आणि रबर, गाळणी, स्प्रे आर्म किमान १० वर्षे उपलब्ध ठेवणे उत्पादकांना बंधनकारक केले आहे. तो नियम भारतातील विक्रीला लागू नाही. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले असून त्यावर कंपन्यांची दुरुस्ती व सुट्या भागांविषयीची माहिती एकत्र ठेवण्याचा प्रयत्न आहे. हमीच्या काळात भाग नाकारला गेल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मात्र तेथे बिल, पट्टीचा फोटो आणि मेकॅनिकने लिहून दिलेली जॉबशीट लागते. ही जॉबशीट मागून घेण्याची सवय आपल्याकडे फारशी नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत घर महिनाभर बंद राहणार असेल तर शेवटचे धुणे गरम करावे, गाळणी धुऊन कोरडी करावी, नळ बंद करावा आणि दार बोटभर उघडे ठेवावे. खळग्यातील थोडे पाणी मुद्दाम राहू द्यावे. ते आटू नये म्हणून वर चमचाभर शेंगदाणा तेल सोडले तरी चालते. पंपाचे सील कोरडे पडून चिकटले, तर परतल्यावर मोटार नुसती गुणगुणते व फिरत नाही.